आंकडा कीं अक्षर?

टीकाकारानें ग्रंथ सोडून इतरत्र पाहूं नये असा एक संकेत आपल्याकडे रूढ आहे. काव्य, कादंबरी, नाटक, फार झालें तर एखादें आत्मचरित्र, एवढ्या परिघांत त्यानें हिंडावें. त्याबाहेर जें लिहिलें जातें तें कारकुनांसाठीं आणि हिशेबनिसांसाठीं सोडून द्यावें. मींही पुष्कळ वर्षें हा संकेत निमूटपणें पाळला. परंतु आजचा सुशिक्षित मनुष्य कचेरींत बसून जें लिहितो, आणि ज्या लिखाणावर त्याच्या प्रवेशापासून पेन्शनपर्यंतच्या प्रकरणांचा निकाल लागतो, तें ना काव्य असतें ना गद्य. तें उभ्याआडव्या रेघांनीं आंखलेल्या घरांत भरलेलें असतें. स्प्रेडशीट हें त्याचें नांव. आमच्याकडे त्यास सरसकट 'एक्सेलची शीट' म्हणतात, मग प्रोग्रॅम कोणत्याही कंपनीचा असो. मी त्यास तक्ता म्हणेन आणि त्यांतील एकेका सेलला घर. ह्या तक्त्यास अंक आणि शब्द ह्या दोहोंचा सांभाळ करावा लागतो, आणि ज्या रीतीनें तो हा सांभाळ करतो तींत भाषेच्या अध्यापकानें लक्ष घालावें असें पुष्कळ आहे, हें मला एका प्रकरणावरून उमगलें. तें प्रकरण ओघानें पुढें येईलच.

प्रथम कृतीच्या कर्त्यांविषयीं. १९७८ सालीं अमेरिकेंत हार्वर्ड येथील व्यापारविद्येच्या शाळेंत डॅन ब्रिकलिन हा विद्यार्थी शिकत होता. फळ्यावर मांडलेल्या हिशेबांतला एक आंकडा बदलला कीं त्यावर अवलंबून असलेले सगळे आंकडे पुसून पुन्हा मांडावे लागत. ही यातायात यंत्राकडून करून घेतां येईल असें त्याच्या मनांत आलें. बॉब फ्रँकस्टन ह्या त्याच्या मित्रानें प्रोग्रॅम लिहिला, आणि १९७९ सालीं 'व्हिसिकॅल्क' ह्या नांवानें ही वस्तु ॲपल-दोन संगणकासाठीं बाजारांत आली. फळ्यावरच्या हिशेबाला जशी अंकांची गरज तशी मथळ्यांचीही. 'भाडें', 'पगार', 'किरकोळ' हे शब्द नसतील तर खालचे आंकडे मुके राहतात. म्हणून ह्या पहिल्या तक्त्यापुढेंच प्रश्न उभा राहिला: घरांत जें लिहिलें जात आहे तें मोजावयाचें कीं वाचावयाचें?

व्हिसिकॅल्कनें ह्याचें उत्तर मोठ्या रांगड्या पद्धतीनें दिलें. घरांत पहिली कळ दाबली कीं निकाल. अक्षर आलें तर 'लेबल'. अंक, अधिकउण्याचें चिन्ह किंवा कंस आला तर 'व्हॅल्यू', म्हणजे मूल्य. अंकानें आरंभ होणारा मजकूर लिहावयाचा झाल्यास आधीं अवतरणचिन्ह देऊन तसें सांगावें लागे. १९८३ सालीं आलेल्या 'लोटस वन-टू-थ्री'नेंही हीच पद्धति थोडी सुधारून चालविली. मजकुराच्या आधीं एकेरी अवतरणचिन्ह देण्याची तिची रीत आजच्या एक्सेलमध्यें वारशानें टिकून आहे. नियम ओबडधोबड खरा. पण त्यांत एक सचोटी होती. आपण हें लेबल समजलों कीं मूल्य समजलों, हें पडद्याच्या माथ्यावर तो लिहून दाखवी. लिहिणारा चुकला तरी आपण काय म्हटल्याचें मानलें गेलें, हें त्याला त्याच क्षणीं कळे.

एक्सेल १९८५ सालीं मॅकिंटॉशवर आणि १९८७ सालीं विंडोजवर अवतरलें. आतांचा तक्ता पहिल्या कळेवर निकाल देत नाहीं. तुम्ही लिहून संपवीपर्यंत तो स्वस्थ बसतो, 'एंटर' दाबतांच एकदम अर्थ लावतो, आणि लावलेला अर्थ सांगत मात्र नाहीं. अंकासारखें दिसलें तर अंक, तारखेसारखें दिसलें तर तारीख, उरेल तो मजकूर. अंक घराच्या उजव्या कडेस सरकतो, मजकूर डाव्या कडेस. एवढीच काय ती त्याची कबुली. बरें, अर्थ लावल्यानंतर मूळ लिखाण तो ठेवतो म्हणाल तर तेंही नाहीं. एखाद्या पोथीचा मूळ पाठ फेकून देऊन आपलें भाष्य तेवढें जपून ठेवणारा भाष्यकार कल्पनेंत आणावा; आमचा तक्ता हा त्या जातीचा भाष्यकार आहे. पुण्याचा दूरध्वनि-संकेतांक ०२० म्हणून लिहा; त्याच्या मतें हे वीस झाले, आणि आरंभींचें शून्य निरर्थक म्हणून तो टाकून देतो. एखादा सोळा अंकी खातेक्रमांक लिहा. त्याच्या अंकगणितांत पंधराच अंकांची जागा असल्यामुळें सोळाव्याच्या जागीं तो शून्य बसवतो. शेवटचा अंक खरोखरीच शून्य असेल तर ठीक. एरवीं तो आंकडा दुसऱ्याच कोणाच्या खात्याचा होतो. बारा अंकी आधार क्रमांक लिहिला तर तो त्यास दशांशचिन्ह, 'ई' आणि घातांक असा शास्त्रज्ञी पेहराव चढवतो. आंतला क्रमांक शाबूत असतो, पण तो आपला आहे हें त्याच्या मालकासही ओळखूं येत नाहीं.

ह्या सर्वांहून मला अधिक लागलें तें जमिनीचें उदाहरण. आपल्याकडे सर्वे नंबर १२ मधील तिसरा हिस्सा हा १२/३ असा लिहितात. गांवोगांवचा मनुष्य हा आंकडा पाठ म्हणून दाखवूं शकतो. कित्येकांच्या बाबतींत दोन पिढ्यांच्या कज्जांचें बीज त्या तिरप्या रेघेंत असतें. हें १२/३ तक्त्यांत लिहिलें कीं त्याचा १२ मार्च होतो. संगणकाची ठेवण अमेरिकन असेल तर ३ डिसेंबर होतो. आणि हें एवढ्यावर थांबत नाहीं. तक्त्याच्या पोटांत तारीख अशी कांहीं वस्तुच नाहीं. १९०० सालच्या १ जानेवारीस एक धरून पुढें एकेक दिवस मोजीत गेल्यावर जो आंकडा येतो तो आंत असतो, आणि तारीख हा केवळ वर पांघरलेला शेला. आपलें १२/३ जर २०२५ सालीं लिहिलें गेलें असेल तर आंत ४५,७२८ हा आंकडा बसलेला असतो. चूक लक्षांत आल्यावर कोणी त्या घरास 'हा मजकूर आहे' असें मागाहून बजावलें, तर १२/३ परत येत नाहीं. शेला गळून पडतो आणि ४५,७२८ हा आंकडा बाहेर येतो. शेजारच्याच ओळींतलें ४५/६७ मात्र जसेंच्या तसें राहतें, कारण पंचेचाळीस तारखेचा दिवस कोणत्याही पंचांगांत नाहीं. म्हणजे एकाच रकान्यांत कांहीं शेतें तारखा झालीं आणि कांहीं शेतें शेतेंच राहिलीं. आणि रकाना अनुक्रमानें लावावा म्हटलें तर त्यांची दोन गांवें पडतात.

जातां जातां एक गंमत सांगितली पाहिजे. ह्या दिवसमोजणींत साठावा दिवस म्हणजे २९ फेब्रुवारी १९००. हा दिवस कधीं उगवलाच नाहीं, कारण १९०० हें लीप वर्ष नव्हतें. लोटसमध्यें ही चूक होती, लोटसचे तक्ते आपल्याकडे जसेच्या तसे उघडावेत म्हणून एक्सेलनें ती जाणूनबुजून घेतली, आणि आतां ती काढली तर जुन्या तक्त्यांतील तारखा हलतील म्हणून ती तशीच आहे. आपले पूर्वज भ्रष्ट पाठही गुरुपरंपरेनें आलेला म्हणून जपत. यंत्रयुगांतही परंपरेचें बळ तेवढेंच आहे म्हणावयाचें.

असो. मुद्दा असा, कीं अंकांनीं लिहिलें म्हणून तें संख्या झालें असें नाहीं. ही गोष्ट आपल्या भाषेला फार पूर्वीं ठाऊक होती. छत्तीसचा आंकडा म्हणतांना आपण कोणतीही बेरीज करीत नसतों. ३ आणि ६ हीं चिन्हें एकमेकांकडे पाठ करून उभीं आहेत तें चित्र आपण पाहत असतों. कोणाचे बारा वाजले म्हणून घड्याळ कोणी पाहत नाहीं. उलट आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत व शिलालेखांत भूतसंख्येची पद्धति होती, तींत शब्द हेच अंक होत: वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पांच, नेत्र म्हणजे दोन, आकाश म्हणजे शून्य, आणि तेही एककाच्या स्थानापासून उलट क्रमानें वाचावयाचे. ज्या परंपरेंत 'बाण' हा अंक आहे आणि 'छत्तीस' हें भांडण आहे, त्या परंपरेंतल्या वाचकास चिन्हावरून जात ठरविणाऱ्या तक्त्याचा भोळेपणा चटकन् दिसावयास हवा होता. दिसला नाहीं, हें आपल्याला भूषणावह नाहीं.

मग संख्या कोणती आणि नांव कोणतें हें ओळखावें कसें? मला एक साधी कसोटी पुरेशी वाटते: दोहोंची बेरीज केली तर उत्तरास कांहीं अर्थ आहे काय? दोन पगारांची बेरीज हा घरखर्चाचा आधार; दोन दूरध्वनि-क्रमांकांची बेरीज हा निव्वळ वेडेपणा. पिनकोड, हजेरीक्रमांक, खातेक्रमांक, गट नंबर हीं सगळीं नांवें आहेत. तीं अंकांच्या लिपींत लिहिलेलीं आहेत इतकेंच. परंतु ह्या कसोटीलाही गुंगारा देणारीं कांहीं प्रकरणें आहेत, आणि तींच खरीं रसाळ. आपल्याकडे एक एकर वीस गुंठे हें क्षेत्र पुष्कळ लोक १.२० असें लिहितात. असे दोन तुकडे मिळून किती? चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून कोणताही शेतकरी तीन एकर असें तोंडीं सांगेल. तक्ता सांगेल २.४, आणि तें ठणकावून सांगेल. कारण तेथें त्याला टिंब दिसलें आणि टिंब म्हणजे दशांश. त्याच्या हिशेबीं १.२० मधलें शून्य तर निरर्थकच, म्हणून त्यानें तें आधींच गाळून १.२ केलेलें असतें. आतां हे दोन गुंठे कीं वीस, हें नवख्या वाचकानें कसें ओळखावें? क्रिकेटच्या षटकांचेंही असेंच. साडेचार षटकें ४.३ अशीं लिहितात; अशीं दोन ४.३ मिळून नऊ षटकें होतात, ८.६ नव्हेत. येथें बेरजेला अर्थ आहे; फक्त ती दशमानाची नाहीं. एका टिंबाच्या दोन बाजूंस दोन निरनिराळीं मापें बसलेलीं आहेत, म्हणजे वस्तुतः तें एक लहानसें वाक्य आहे, आणि तक्त्यानें तें एक शब्द म्हणून वाचलें.

अंक आणि मजकूर एका तक्त्यांत नांदूं लागले कीं त्यांच्या परस्परसंबंधाचे नियमही ठरवावे लागतात. एक्सेलचे नियम पाहिले तर ते कोणत्याही एका तत्त्वावर उभारलेले नाहींत. मजकूर म्हणून लिहिलेला ५ आणि अंक म्हणून लिहिलेला ५ समान आहेत काय असें विचारलें तर उत्तर 'नाहीं'. दोहोंत मोठा कोणता? मजकूर, मजकूर हा कोणत्याही अंकापेक्षां मोठाच, मग समोर हजार असोत कीं कोटि. (वाङ्मयाच्या अध्यापकास हा नियम ऐकून क्षणभर गुदगुल्या झाल्या, हें कबूल केलें पाहिजे.) मजकुरांची आपसांत तुलना मात्र शब्दकोशाप्रमाणें एकेक अक्षर पाहून होते, म्हणून तेथें १० हा ९ च्या आधीं येतो. रिकाम्या घराची गोष्ट तर वेदान्ताच्या वर्गांत सांगण्यासारखी आहे. त्यास विचारा, तूं शून्य आहेस काय? तें 'होय' म्हणतें. तूं कोरा मजकूर आहेस काय? तरीही 'होय'. मग शून्य आणि कोरा मजकूर हे एकच काय? तर 'नाहीं'. पाणिनीनें न दिसण्यालाही लोप अशी संज्ञा देऊन त्याचे नियम बांधले. येथें न दिसणारी वस्तु प्रश्नकर्त्याचें तोंड पाहून उत्तर देते.

हें सारें विनोदाच्या पोटीं सोडून देतां आलें असतें. परंतु सरासरी काढणाऱ्या सूत्रांत हाच विनोद कोणाच्या तरी जिवावर येतो. एका घरांत 'गैरहजर' हा शब्द आहे, दुसऱ्यांत शून्य आहे, तिसरें रिकामें आहे. सरासरी काढतांना शब्दाचें आणि रिकाम्याचें घर मोजणींतून वगळलें जातें, शून्याचें धरलें जातें. म्हणजे परीक्षेस बसून ज्यानें शून्य मिळविलें त्याची सरासरी खालीं आली, आणि जो आलाच नाहीं त्याची जशीच्या तशी राहिली. हा न्याय असेल किंवा नसेल. पण हा निर्णय कोणा परीक्षकमंडळानें घेतला काय? तो घेतला सूत्रानें, आणि आम्हीं त्याखालीं सह्या केल्या.

आतां तें प्रकरण. मी ज्या महाविद्यालयांत शिकवीत असें तेथील एका वर्षीचें. वीस वीस गुणांच्या पांच चांचण्या, एकूण शंभर, उत्तीर्ण होण्यास चाळीस. एका चांचणीच्या दिवशीं चार विद्यार्थी गैरहजर होते. त्यांच्या घरांत तसा शब्द लिहिला गेला, आणि हा शब्द आहे म्हणून कोणीतरी नीटनेटक्या बुद्धीनें त्या चार घरांस 'मजकूर' असा शिक्का मारून ठेविला. पुढें त्या चौघांची फेरचांचणी झाली, आणि त्याच घरांत शब्द पुसून गुण लिहिले गेले. शिक्का मात्र तसाच राहिला. तेव्हां तेथें लिहिलेला १४ हा तक्त्याच्या मतें चौदा नव्हता. तीं एक आणि चार अशीं दोन अक्षरें होतीं. बेरजेचें सूत्र रकाना चाळीत जातांना मजकूर दिसला कीं त्यास ओलांडून पुढें जातें, आणि ओलांडल्याचें कोणास सांगत नाहीं. एका मुलीचे इतर चार चांचण्यांचे गुण ९, ८, १०, ७ असे होते. तिची बेरीज ३४ आली आणि ती नापास झाली. ती फेरचांचणीस बसली होती, तिची उत्तरपत्रिका मीं स्वतः तपासली होती. परंतु तक्त्याच्या लेखीं ती अद्याप गैरहजरच होती.

ती निकालपत्र घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, माझी बेरीज चुकली आहे असं वाटतं." मीं कागद हातांत न घेतांच सांगितलें, "बेरीज संगणकानं केली आहे, बाई." ती थोडा वेळ उभी राहिली. मग तिनें हळूच विचारलें, "आपण एकदा हातानं करून पाहाल का?" तीस वर्षें मी मुलांना छापलेल्या पानावर विश्वास न ठेवतां पाठ तपासून पाहावयास शिकवीत आलों, आणि माझ्याकडून तेवढेंच करून घेण्यासाठीं त्या मुलीला विनंति करावी लागली. पेन्सिलीनें पांच आंकडे मांडले, अठ्ठेचाळीस.

मूळ तक्ता उघडून पाहिला तेव्हां त्या चार घरांच्या कोपऱ्यांत हिरवा त्रिकोण होता, नखाएवढाही नव्हे. यंत्राची तेवढीच काय ती कुजबुज, आणि कागदावर छापतांना तीही उमटत नाहीं. उजवी कड आणि डावी कड ही दुसरी खूण. पण पान सुबक दिसावें म्हणून सगळे गुण घरांच्या मध्यभागीं आणून ठेवलेले. आणखी एक गोष्ट तेव्हां मला प्रयोगानें कळली. बेरजेच्या सूत्राऐवजीं पांच घरांमध्यें साधीं अधिक-चिन्हें घालून मिळवणी केली असती, तर तक्त्यानें त्याच १४ ला मुकाट्यानें अंक मानून ४८ असें उत्तर दिलें असतें. एकच लिखाण एका सूत्रास शब्द आणि दुसऱ्यास संख्या! निकाल दुरुस्त झाला, बाकीच्या तिघांचेही गुण मिळवले गेले. त्या तिघांपैकीं कोणीही तक्रार केली नव्हती. बेरीज संगणकानें केली आहे हें त्यांना कोणीं सांगावेंही लागलें नव्हतें.

माझें दुःख ह्या एका महाविद्यालयापुरतें असतें तर तें छापण्याचें प्रयोजन नव्हतें. पण ज्यांना आपण काटेकोरपणाचे आदर्श समजतों त्या शास्त्रज्ञांची दशा ह्याहून निराळी नाहीं. मनुष्याच्या देहांतील जनुकांना संक्षिप्त नांवें असतात. 'सेप्टिन' ह्या कुळांतील एका जनुकाचें नांव सेप्ट२, दुसऱ्या एका कुळांतील एकाचें मार्च१. तक्त्यांत हीं लिहितांच पहिल्याचा २ सप्टेंबर झाला आणि दुसऱ्याचा १ मार्च. हा घोटाळा २००४ सालींच एका शास्त्रीय नियतकालिकांत उघडकीस आणला गेला होता. २०१६ सालीं मेलबर्नच्या संशोधकांनीं निबंधांना जोडलेल्या जनुकांच्या एक्सेल याद्या तपासल्या, तेव्हां अशा याद्या असलेल्या निबंधांपैकीं सुमारें एक-पंचमांश निबंधांत हें विटाळलेलें नांव सांपडलें; म्हणजे बारा वर्षांच्या इशाऱ्याचा कांहींएक उपयोग झाला नव्हता. अखेर २०२० सालीं मानवी जनुकांचें नामकरण करणाऱ्या समितीनें हार खाल्ली. सेप्ट१ चें सेप्टिन१ झालें, मार्च१ चें मार्चएफ१. यंत्राची दृष्टि सुधारेना म्हणून वस्तूंचींच नांवें बदललीं. एखाद्या बोबड्या मुलास 'र' म्हणतां येत नाहीं म्हणून घरांतील राम आणि रमा ह्यांचें पुन्हा बारसें करावें, तसला हा प्रकार. आणि मुलाचें बोबडेपण तरी वयानें जातें.

कर्त्यांची बाजूही मांडली पाहिजे. ती न मांडतां दोष देणें हा टीकेचा धर्म नव्हे. तक्ता व्यापारी हिशेबासाठीं जन्मला. हिशेबांत जें अंकासारखें दिसतें तें बहुधा अंकच असतें, आणि प्रत्येक घरापुढें 'ही संख्या', 'हा शब्द' अशी प्रतिज्ञा लिहिणारास करावयास लावली असती तर हें साधन चार पंडितांच्या पलीकडे गेलें नसतें. त्याचा मनमोकळेपणा हाच त्याच्या प्रसाराचा पाया. कोपऱ्यावरचा किराणादुकानदारही आज तें वापरतो, आणि त्यास कोणतीही व्याख्या शिकावी लागलेली नाहीं. हें यश मी लहान मानीत नाहीं. तक्त्यानें अंदाज बांधावा ह्याबद्दलही माझी तक्रार नाहीं. वाचणारा प्रत्येकजण अंदाज बांधतच वाचतो. माझी तक्रार आहे ती अंदाज बांधून मूळ पाठ नाहींसा करण्याबद्दल, आणि बेरजेंतून एक घर वगळून उत्तर मात्र पूर्ण असल्याच्या थाटांत सांगण्याबद्दल. लिब्रे-ऑफिसचा तक्ता निदान मजकुराशीं गणित आल्यास शून्य धरूं, चूक दाखवूं कीं अंक मानूं, ही निवड तरी मालकाच्या हातीं देतो. अर्थात् ती कोठें दडली आहे हें माहीत असणारास. एक्सेलच्या कंपनीनेंही २०२३ सालीं आरंभींचीं शून्यें टाकणें, लांब क्रमांक छाटणें, अक्षरांकांची तारीख करणें ह्या संवयी बंद करण्याची सोय दिली. जनुकांचें बारसें त्याआधीं तीन वर्षें उरकलें होतें.

ह्या विषयाचा विचार करीत असतां मला आपल्या १८८१ सालच्या परक्राम्य लेखांच्या कायद्याची आठवण झाली. धनादेशावर रक्कम दोनदां लिहितात, एकदां आंकड्यांत आणि एकदां 'अक्षरी रुपये' म्हणून शब्दांत. दोहोंत फरक पडला तर खरें काय मानावयाचें? त्या कायद्याचें अठरावें कलम स्वच्छ सांगतें कीं शब्दांत लिहिलेली रक्कम खरी. कायदा करणारांस मनुष्याच्या हाताची ओळख होती. आंकड्यास एक शून्य चिकटवणें सोपें, अंकाचें शेपूट ओढून त्याचा दुसरा अंक करणें त्याहून सोपें. 'चौदा'चें दुसरें कांहीं करावयास बराच खटाटोप पडतो. शब्द हा आंकड्याचा साक्षीदार म्हणून तेथें उभा असतो.

आमच्या जुन्या गुणपत्रकांतही असा साक्षीदार होता. गुणांच्या रकान्याशेजारीं 'अक्षरीं' असा एक रुंद रकाना असे, आणि आम्ही तो रात्रीं जागून, कंटाळत, शिव्याशाप देत भरीत असूं: नऊ, आठ, दहा, सात, चौदा. तक्ता आल्यावर पहिल्याच वर्षीं तो रकाना अनावश्यक म्हणून काढला गेला, आणि खरें सांगावयाचें तर तेव्हां सर्वांत अधिक आनंद मलाच झाला होता. त्या मुलीच्या प्रकरणानंतर मी कचेरींत जाऊन तो पुन्हा घालावा अशी विनंति केली. तेथील वृद्ध लेखनिकांनीं माझें बोलणें शांतपणें ऐकून घेतलें, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "घालतो की सर, पण तो भरणार कोण?"